प्रवास-प्रश्नोत्तरे : स्कॉटलंडचा पूर्व किनारा आणि तिथली जुनी गावे

स्कॉटलंडविषयी या खेपेस आलेल्या पत्रांमध्ये डोंगर आणि सरोवरांबद्दल विचारणारी पत्रे थोडी आहेत. बहुतेक वाचकांनी किनाऱ्यावरच्या लहान गावांविषयी लिहिले असून त्यांपैकी काही जण तेथे जाऊन आलेले आहेत व काहीसे असमाधानी आहेत. ही पत्रे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे देत आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मी तीन वेळा गेलो आहे, पश्चिम किनाऱ्यावर एकदाच, तेव्हा माझे झुकते माप कोणत्या पारड्यात पडेल हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

प्रश्न : गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही उभयता एका सहल-कंपनीबरोबर स्कॉटलंडला गेलो होतो. सेंट अँड्र्यूज येथे आम्हांला दीड तास देण्यात आला. एक पडके चर्च, एक पडका किल्ला आणि गोल्फचे मैदान एवढे पाहून आम्ही बसमध्ये येऊन बसलो. सहप्रवाशांनी काढलेली छायाचित्रे सुरेख आहेत, पण त्यात काय पाहिले ते आम्हांला आजही सांगता येत नाही. आमचे काही पाहायचे राहिले, की तेथे मुळात एवढेच आहे? — एक निवृत्त दांपत्य

उत्तर : आपण पाहिल्या त्याच वास्तू तेथे मुख्य आहेत. राहिली ती त्यांची हकीकत, आणि ती दीड तासात कोणी सांगितली असती तरी पायांना कळली नसती.

ज्याला आपण पडके चर्च म्हणता ते कॅथीड्रल स्कॉटलंडमध्ये बांधले गेलेले सर्वांत मोठे चर्च होते. बाराव्या शतकाच्या मध्यास त्याचे काम सुरू झाले आणि १३१८ मध्ये, म्हणजे इंग्रजांना हरवलेल्या बॅनकबर्नच्या लढाईनंतर चार वर्षांनी, राजा रॉबर्ट ब्रूस याच्या उपस्थितीत त्याचे समर्पण झाले. त्यानंतर अडीचशे वर्षेही पुरती झाली नव्हती, तोच १५५९ मध्ये जॉन नॉक्स या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाच्या प्रवचनांनी पेटलेल्या जमावाने त्याच्या आतील मूर्ती आणि वेद्या फोडल्या. धर्मसुधारणेनंतर इमारत ओस पडली आणि पुढच्या पिढ्यांनी तिचा घडीव दगड आपापल्या घरांसाठी वाहून नेला. म्हणूनच या कॅथीड्रलचा बराच भाग आवाराच्या बाहेर, गावातल्या घरांच्या आणि बागांच्या भिंतींत गेलेला आहे. पुन्हा जाणे झाले तर पश्चिमेच्या दरवाजापाशी उभे राहून पूर्वेकडच्या उरलेल्या भिंतीपर्यंत शांतपणे चालत जावे. मधे छप्पर नाही, खांबांचे नुसते बुंधे आहेत, आणि चालता चालता शंभर मीटरहून अधिक अंतर संपते, तेव्हा इमारतीचा आवाका लक्षात येतो. शेजारचा सेंट रूलचा मनोरा कॅथीड्रलपेक्षाही जुना असून सुमारे ३३ मीटर उंच आहे. तो चढण्यास खुला असेल तर गावाचा सारा आराखडा वरून दिसतो : सर्व मुख्य रस्ते कॅथीड्रलकडे येऊन मिळतात, कारण हे गाव यात्रेकरूंसाठी वसलेले होते.

किल्ल्याची गोष्ट अधिक थरारक आहे. मार्च १५४६ मध्ये जॉर्ज विशार्ट या सुधारणावादी, म्हणजे प्रोटेस्टंट, धर्मोपदेशकाला किल्ल्यासमोर जिवंत जाळण्यात आले. मे महिन्यात त्याच्या बाजूच्या लोकांनी किल्ल्यात शिरून तेथील कॅथलिक धर्मप्रमुख कार्डिनल बीटन याचा खून केला आणि किल्ला ताब्यात ठेवला. वेढा घालणाऱ्यांनी तटाखालून सुरुंग घालण्यासाठी खडकात भुयार खोदण्यास सुरुवात केली, तेव्हा आतल्या लोकांनी खणण्याच्या आवाजाचा कानोसा घेत उलट दिशेने आपले भुयार खोदले. दोनदा त्यांचा अंदाज चुकला आणि ती अर्धवट सोडलेली बिळे आजही दिसतात. शेवटी दोन्ही भुयारे एकमेकांना भिडली. पर्यटकांना या भुयारांत उतरता येते. हल्लेखोरांचे भुयार ऐसपैस आहे, तर बचाव करणाऱ्यांचे अरुंद, वाकडे आणि इतके ठेंगणे की कंबरेत वाकून जावे लागते. घाईने आणि भीतीने खणलेली जागा कशी असते, हे मला तेथे पाठीच्या कण्यातून समजले. किल्ला पडल्यावर ज्यांना कैद करून फ्रेंच गलबतांवर वल्ही मारण्यास धाडले, त्यांत तो जॉन नॉक्सही होता.

विद्यापीठाविषयी एकच सांगतो. ते १४१३ मध्ये स्थापन झाले असून स्कॉटलंडमधील सर्वांत जुने आहे. सेंट साल्वेटर कॉलेजच्या दारासमोर रस्त्यातल्या दगडांत दोन अक्षरे बसवलेली आहेत. १५२८ मध्ये तेथे जाळल्या गेलेल्या पॅट्रिक हॅमिल्टन याची ती आद्याक्षरे होत. त्यांवर पाय पडला तर परीक्षेत नापास होतो अशी विद्यार्थ्यांची समजूत आहे. पाच मिनिटे बाजूस उभे राहिल्यास घाईने वर्गाकडे जाणारी मुले नेमकी त्या जागी वळसा घेताना दिसतात. गोल्फमध्ये रस नसेल तर रविवारी जावे. त्या दिवशी जुन्या मैदानावर एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी आपली मुले व कुत्री घेऊन तेथे फिरायला येतात. १४५७ मध्ये तर स्कॉटलंडच्या राजाने तिरंदाजीच्या सरावाची आबाळ होते म्हणून गोल्फवर बंदीच घातली होती. ती बंदी किती पाळली गेली हे आपण पाहिलेच आहे.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी एडिंबराहून तीन दिवस कोळ्यांची जुनी गावे पाहण्यासाठी जाऊ इच्छितो. आमच्यापैकी कोणीही परदेशात गाडी चालवणार नाही. हे शक्य आहे का? कोठे राहावे? — तीन बँक कर्मचारी

उत्तर : केवळ शक्य आहे असे नव्हे, तर गाडी नसणे येथे सोयीचेच आहे, कारण या गावांतले बंदराकडे उतरणारे रस्ते घोडागाडीच्या काळातले आहेत आणि मोटार उभी करण्याची जागा शोधण्यात निम्मी दुपार जाते.

फाइफ या द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाला ईस्ट न्यूक म्हणतात. न्यूक म्हणजे स्कॉट्स भाषेत कोपरा. या कोपऱ्यात ईली, सेंट मोनन्स, पिटनवीम, ॲन्स्ट्रदर आणि क्रेल ही पाच गावे किनाऱ्याने एकापाठोपाठ एक अशी लागलेली आहेत. एडिंबराहून आगगाडीने लूकर्सला उतरावे. सेंट अँड्र्यूजचे स्वतःचे स्थानक १९६९ मध्ये बंद झाले, म्हणून लूकर्सहून बस घ्यावी लागते. दुसरा मार्ग लीव्हनचा आहे. पन्नासहून अधिक वर्षे बंद असलेला हा लोहमार्ग जून २०२४ मध्ये प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाला, आणि लीव्हनहून या पाचही गावांना जोडणारी बस किनाऱ्याने जाते. कोणताही मार्ग घेतला तरी गाडीत उजव्या बाजूची खिडकी धरावी. प्रथम फोर्थ खाडीवरचा १८९० चा रेल्वे पूल लागतो आणि नंतर बराच वेळ समुद्र अगदी रुळांशी येतो.

मुक्काम एकाच गावी करावा, आणि माझ्या मते तो ॲन्स्ट्रदरला करावा. ते पाचांमध्ये मोठे आहे, बसची सोय बरी आहे, मत्स्यव्यवसायाचे उत्तम संग्रहालय बंदरासमोरच आहे आणि आइल ऑफ मे या बेटाकडे जाणाऱ्या होड्या तेथूनच सुटतात. गावकरी त्याचा उच्चार एन्स्टर असा करतात. तिकीट मागताना आपण पूर्ण नाव उच्चारले तरी ते समजून घेतात, फक्त किंचित हसतात.

दोन गावांमधले अंतर पायी चालावे. फाइफचा किनारामार्ग एकूण सुमारे १८७ किलोमीटरचा असला तरी आपल्याला त्यातला लहानसा तुकडाच हवा आहे. ॲन्स्ट्रदरहून क्रेल हे अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर असून वाट बहुतेक सपाट आहे. डाव्या हाताला शेते आणि उजव्या हाताला खडक, असे दोन-अडीच तास निवांत चालून क्रेलच्या बंदरात उतरता येते, आणि पाय दमले तर परतीला बस आहे. क्रेलचे बंदर अगदी लहान आहे. धक्क्यावर शेवंडी आणि खेकडे धरण्याचे सापळे रचून ठेवलेले असतात, आणि ते देखाव्यासाठी नसून दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत जाणारे असतात, याचे भान छायाचित्र काढताना ठेवावे.

घरांच्या छपरांकडे लक्ष द्यावे. स्कॉटलंडमध्ये इतरत्र करड्या पाटीच्या दगडाची छपरे दिसतात, येथे मात्र लाल मातीची नागमोडी कौले आहेत. त्याचे कारण समुद्रापलीकडे आहे. या गावांचा व्यापार हॉलंड आणि फ्लँडर्स या सखल देशांशी होता. कोळसा, मीठ आणि खारवलेले मासे तिकडे जात, आणि परत येणाऱ्या रिकाम्या गलबतांचा तोल राहावा म्हणून तळाशी कौले भरून आणली जात. पुढे ती स्थानिक भट्ट्यांतही होऊ लागली. बाजूच्या भिंतींचा माथा पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो, ती पद्धतही सखल देशांतल्या घरांशी नाते सांगणारी आहे. सेंट मोनन्सच्या पूर्वेस एक पवनचक्की उभी दिसते. तिने समुद्राचे पाणी वर ओढले जाई आणि खालच्या मिठागरांत कोळशाच्या विस्तवावर ते आटवले जाई. ऊन पुरेसे नसलेल्या प्रदेशात मीठ असे चुलीवर शिजवावे लागे, ही गोष्ट ते उद्ध्वस्त चौथरे पाहीपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. त्याच गावचे चौदाव्या शतकातले चर्च पाण्याच्या इतके निकट आहे की वादळात लाटांचे तुषार त्याच्या आवारापर्यंत येतात. आत छताला शिडाच्या जहाजाची एक प्रतिकृती टांगलेली आहे. पिटनवीम या नावातला ‘पिट’ हा भाग येथल्या प्राचीन पिक्ट लोकांच्या भाषेतला असून नावाचा अर्थ गुहेची जागा असा सांगितला जातो, आणि सेंट फिलनची ती गुहा बंदराच्या वरच्या गल्लीत खरोखरच आहे.

आइल ऑफ मे साठी एक पूर्ण दिवस राखावा. पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी तेथे एप्रिलमध्ये येतात आणि ऑगस्टच्या आरंभी समुद्राकडे निघून जातात. त्यानंतर गेल्यास बेट पाहायला मिळते, पफिन मिळत नाहीत. हे पक्षी जमिनीत बिळे करून राहतात, त्यामुळे आखलेल्या वाटेबाहेर टाकलेले पाऊल एखाद्याच्या घराच्या छतावर पडू शकते. बेटावर १६३६ मध्ये उभारलेल्या दीपस्तंभाचे अवशेष आहेत. त्याच्या माथ्यावर रात्रभर कोळसा जाळला जात असे. समुद्र खवळलेला असेल तर होडी रद्द होते, म्हणून तीन दिवसांतला पहिलाच दिवस या बेटासाठी ठरवावा, म्हणजे हुकल्यास पुढचे दोन हाताशी राहतात.

प्रश्न : मे महिन्यात एडिंबरामध्ये लख्ख ऊन असताना आम्ही किनाऱ्यावर गेलो आणि दोन दिवस समुद्र दिसलाच नाही. समोर दहा पावलांवर फक्त पांढरे धुके होते. मुक्कामाच्या घरमालकीणबाई मात्र हसत होत्या. हे आमचे दुर्दैव, की नेहमीचे? — एक कुटुंब

उत्तर : नेहमीचे. या धुक्याला तेथे हार म्हणतात. मराठी कानाला त्यात पराभव ऐकू येतो, आणि दोन दिवसांची सुटी गेलेल्या माणसाला तो अर्थ पटण्यासारखाही आहे.

वसंतात आणि उन्हाळ्यात उबदार, दमट हवा उत्तर समुद्राच्या थंड पाण्यावरून वाहते, तेव्हा खालच्या थरातली वाफ निवून तिचे बारीक थेंबांचे धुके होते आणि पूर्वेचा मंद वारा ते किनाऱ्यावर आणून सोडतो. एप्रिल ते सप्टेंबर हा त्याचा हंगाम. म्हणजे पर्यटकांचा हंगाम आणि धुक्याचा हंगाम एकच आहे. मात्र ते बहुधा किनाऱ्याच्या पट्ट्यापुरते असते. काही किलोमीटर आत गेले की तेच ऊन पुन्हा मिळते. म्हणूनच किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्याने आतल्या बाजूचे एखादे ठिकाण अशा दिवसासाठी राखून ठेवावे. फाइफमध्ये मी फॉकलंड सुचवीन. तेथे स्ट्युअर्ट राजघराण्याचा वाडा असून त्याच्या बागेत १५३९ मध्ये बांधलेले टेनिसचे बंदिस्त अंगण आहे, आणि त्यावर आजही खेळतात. वाऱ्याची दिशा बदलली की संध्याकाळी समुद्र मोकळा होतो. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळत असल्याने ती संध्याकाळ फार लांब असते.

एक भर घालतो. पूर्वेला धुके आहे, तर पश्चिमेला मिज नावाची चिलटे आहेत. मेअखेर ते सप्टेंबर या काळात, वारा पडला असताना आणि सकाळ-संध्याकाळी, ती थव्यांनी चावतात. वाऱ्यात त्यांना उडता येत नाही, त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर त्यांचा त्रास कमी होतो. दोहोंपैकी एक निवडायचे झाल्यास मी धुके निवडीन.

प्रश्न : आईचे वय ७२ असून तिला गुडघेदुखी आहे. डनॉटर किल्ल्याचे छायाचित्र पाहून तिला तेथे जाण्याची फार इच्छा झाली आहे. न्यावे की नाही? — एक मुलगा

उत्तर : किल्ल्याजवळच्या स्टोनहेवन गावापर्यंत अवश्य न्यावे, किल्ल्याच्या आत नेऊ नये. हा किल्ला समुद्रात घुसलेल्या एका उभ्या कड्यावर आहे आणि जमिनीपासून तो जवळजवळ तुटलेला आहे. आत जाण्यासाठी कड्याच्या पायथ्यापर्यंत उतरून पुन्हा वर चढावे लागते, पायऱ्या अनेक आणि असमान आहेत, आणि परतताना तेच उलट करायचे असते. वादळी वाऱ्यात किंवा बर्फात तो बंदही ठेवतात, म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी चौकशी करावी.

मात्र आपल्या आईंनी जे छायाचित्र पाहिले ते किल्ल्याच्या आतून काढलेले नाही. ते समोरच्या कड्यावरून काढलेले आहे, आणि तेथे वाहनतळापासून थोडे चालून पोहोचता येते. त्या जागी बसवून त्यांना पुढील गोष्ट सांगावी. १६५१-५२ मध्ये इंग्लंडची राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या सैन्याने डनॉटरला वेढा घातला, तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार याच किल्ल्यात लपवलेली होती. किल्ला पडला, पण ती राजचिन्हे सैन्याच्या हाती लागली नाहीत. काहींच्या मते जवळच्या किनेफ गावच्या धर्मोपदेशकाच्या पत्नीने ती कपड्यांत आणि तागाच्या गाठोड्यात दडवून शत्रूच्या देखत बाहेर काढली. दुसरी कथा अशी की ती कड्यावरून दोराने खाली सोडली आणि समुद्रशेवाळ गोळा करण्याच्या मिषाने आलेल्या एका मोलकरणीने टोपलीतून नेली. कसेही असो, १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स गादीवर परत येईपर्यंत ती किनेफच्या चर्चच्या जमिनीखाली पुरलेली होती. १७०७ मध्ये इंग्लंडशी झालेल्या एकत्रीकरणानंतर ती एडिंबराच्या किल्ल्यात एका पेटीत बंद झाली आणि लोकांना त्यांचा विसर पडला. १८१८ मध्ये कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याच्या पुढाकाराने ती पेटी उघडली गेली. आज ती राजचिन्हे तेथेच पाहायला मिळतात, आणि त्यासाठी गुडघ्यांना डनॉटरइतका त्रास होत नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मासेमारीच्या गावांत आमचे काय होईल? — एक वाचक

उत्तर : उपासमार होणार नाही, पण चौकशी करण्याची सवय ठेवावी लागेल. बहुतेक उपाहारगृहांत एक-दोन शाकाहारी पदार्थ असतात आणि हॅगिस हा मूळचा मेंढीच्या मांसाचा राष्ट्रीय पदार्थही डाळी, ओट आणि भाज्या घालून केलेल्या शाकाहारी प्रकारात मिळतो. फसगत होते ती निरुपद्रवी दिसणाऱ्या दोन गोष्टींत. मसुराचे सूप परंपरेने डुकराच्या हाडांच्या अर्कात शिजवतात, आणि तळलेले बटाटे पुष्कळ ठिकाणी गाईच्या चरबीत तळलेले असतात. हे दोन प्रश्न मागणी नोंदवण्याआधी विचारावेत. कोणी वाईट मानत नाही. ओटची बिस्किटे, चीज आणि बटाट्याच्या पोळ्या यांवर मी एकदा दीड दिवस काढला आहे. याहून मोठी अडचण वेळेची आहे. लहान गावांत स्वयंपाकघर रात्री साडेआठच्या सुमारास बंद होते, आणि बाहेर लख्ख उजेड असल्याने आपल्याला अजून संध्याकाळच आहे असे वाटत राहते.

प्रश्न : ईली येथील साखळ्यांच्या वाटेवर आमच्या दोन किशोरवयीन मुलांना नेण्याचा विचार आहे. ही वाट कितपत सुरक्षित आहे? — एक पालक

उत्तर : ही वाट कड्याच्या पायथ्याने खडकांतून जाते आणि अवघड जागी खडकात ठोकलेल्या साखळ्या धरून चढावे-उतरावे लागते. मुलांना ती आवडेल. मात्र भरती आली की तिचा मोठा भाग पाण्याखाली जातो आणि वर कडा असल्याने बाजूने निसटता येत नाही. तेव्हा ओहोटी लागलेली असतानाच निघावे, म्हणजे पुढे पाणी मागे सरत जाते. त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक आदल्या रात्री पाहून ठेवावे, ओल्या खडकावर पकड घेणारे जोडे घालावेत, आणि वारा किंवा मोठ्या लाटा असल्यास बेत सोडून द्यावा. कड्याच्या माथ्यावरून जाणारी वाट त्याच दोन टोकांना जोडते आणि तेथून दिसणारा समुद्र कमी नाही. अर्ध्या वाटेवरून पाणी वाढताना परतलेल्या एका वाचकांचे पत्र माझ्याजवळ आहे, आणि त्यात निसर्गवर्णनाचे एकही वाक्य नाही.

प्रश्न : उत्तरेकडच्या क्रोव्ही गावाविषयी वाचले. भाड्याच्या मोटारीने तेथे जाता येईल का, आणि स्कॉटलंडमध्ये कोठेही चालत जाण्याची मुभा असते हे खरे का? — एक अभियंता

उत्तर : गावाच्या तोंडापर्यंत जाता येईल, गावात नाही. क्रोव्हीमध्ये कडा आणि समुद्र यांच्यामध्ये घरांची एकच ओळ मावते आणि घरांपुढे राहते ती एक पाऊलवाट. लाटांचा मारा कमी लागावा म्हणून बहुतेक घरांनी समुद्राकडे आपली अरुंद बाजू केलेली आहे. रहिवासी आपले सामान हातगाडीवरून घरी नेतात. १९५३ च्या मोठ्या वादळात गावाची हानी झाली आणि अनेक कुटुंबे कायमची निघून गेली. आजची पुष्कळ घरे सुटीत येणाऱ्यांची आहेत. मोटार वरच्या वाहनतळावर ठेवून उतरावे.

भारतीय परवान्यावर पर्यटकाला ब्रिटनमध्ये बारा महिने मोटार चालवता येते, मात्र भाड्याने गाडी देणाऱ्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात. वाहने डाव्या बाजूनेच चालतात, वेगाच्या पाट्या मैलांत असतात. एकपदरी रस्त्यांवर ठिकठिकाणी बाजूस सरकण्याच्या जागा केलेल्या असतात. ती जागा आपल्या डाव्या हातास असेल तर तिच्यात शिरावे, उजव्या हातास असेल तर रस्त्यावरच तिच्यासमोर थांबून समोरच्याला तिच्यात जाऊ द्यावे. मागून घाईचे वाहन आले तरी त्याला पुढे जाऊ देण्यासाठी याच जागा वापरतात. त्यांत गाडी उभी करून छायाचित्रे काढणाऱ्यांवर स्थानिकांचा राग असतो आणि तो रास्त आहे.

चालण्याची मुभा खरी आहे. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील बहुतेक जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सर्वांना दिलेला आहे आणि त्यासाठी शेताच्या मालकाची परवानगी लागत नाही. मात्र घराभोवतीची खासगी बाग, उभे पीक आणि इमारतींचे आवार त्यात येत नाहीत. क्रोव्हीत ही सीमा फार बारीक आहे, कारण तेथील पाऊलवाट लोकांच्या खिडक्यांखालून जाते. खिडकीतून आत कॅमेरा धरण्यास कोणताही कायदा मुभा देत नाही.

प्रश्न : एडिंबरात मिळालेल्या नोटांवर स्कॉटलंडच्या बँकांची नावे होती आणि लंडनमध्ये एका दुकानदाराने त्या नाकारल्या. आमची फसवणूक झाली का? — एक वाचक

उत्तर : नाही. स्कॉटलंडमध्ये तीन बँका आपापल्या नोटा छापतात आणि त्या पौंडाच्याच खऱ्या नोटा आहेत. मात्र इंग्लंडमधले काही दुकानदार ओळख नसल्याने त्या घेण्यास कचरतात. त्या स्कॉटलंडमध्येच खर्चून टाकाव्यात. भारतात परत आणल्यास बदलून घेताना आणखी त्रास होण्याचा संभव असतो.

प्रश्न : स्वातंत्र्याचे प्रसिद्ध घोषणापत्र पाहण्यासाठी आम्ही आर्ब्रोथला गेलो, तर ते तेथे नव्हतेच. मग आर्ब्रोथला जावे कशासाठी? — एक इतिहासप्रेमी

उत्तर : १३२० मध्ये स्कॉटलंडच्या सरदारांच्या वतीने पोपला पाठवलेल्या त्या पत्राची स्कॉटलंडमध्ये राहिलेली प्रत एडिंबराच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. चामडी पत्र नाजूक असल्याने ती क्वचितच प्रदर्शनात ठेवतात. आर्ब्रोथला पाहायचा तो मठ. ११७८ मध्ये राजा विल्यम याने तो स्थापन केला. त्याच्या दक्षिणेकडील उंच भिंतीत एक मोठी गोल खिडकी आहे आणि तिच्यात दिवा लावून खलाशांना किनारा दाखवत असत, अशी आठवण गावात सांगितली जाते.

मठातून बंदराकडे उतरताना लाकडाच्या धुराचा वास येऊ लागतो. तेथे हॅडॉक माशांच्या जोड्या शेपटीशी बांधून, काठीवर टांगून, पिंपात गरम धुरावर शिजवतात. आर्ब्रोथ स्मोकी हे नाव २००४ पासून युरोपीय भौगोलिक संरक्षणाखाली आले, आणि गावाच्या परिसराबाहेर केलेल्या माशाला ते लावता येत नाही. मासे खाणाऱ्यांनी ते तेथेच, कागदात गुंडाळलेले, गरम असताना खावेत.

त्यापुढे सिग्नल टॉवर या इमारतीत असलेले लहान संग्रहालय चुकवू नये. किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर आत, समुद्रात, बेल रॉक नावाचा खडक आहे. भरतीच्या वेळी तो पूर्ण बुडतो आणि त्याने असंख्य जहाजे फोडली होती. अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन याच्या देखरेखीखाली १८०७ पासून, ओहोटीच्या मोजक्या तासांत काम करत, त्यावर ३५ मीटर उंचीचा दीपस्तंभ उभारला गेला आणि फेब्रुवारी १८११ मध्ये त्याचा दिवा प्रथम लागला. तो आजही उभा आहे आणि स्वच्छ हवेत बंदरावरून काडीसारखा दिसतो. स्तंभावर राहणाऱ्या दिवेकऱ्यांची कुटुंबे या सिग्नल टॉवरच्या आवारात राहत. दोन्हींकडे खुणेचे गोळे वर चढवून सारे ठीक असल्याचे एकमेकांना कळवले जाई. दिवेकऱ्याच्या घरी मूल झाले की टॉवरच्या खांबावर मुलगा असल्यास विजार आणि मुलगी असल्यास परकर चढवीत, आणि समुद्रातला बाप दुर्बीण लावून ते पाही, असे तेथे सांगतात.